मोडल्याचा आवाज

माझा नवरा पोटासाठी लोकांची हाडं मोडतो. पाहुण्यांपुढे हे वाक्य टाकून त्यांची तोंडं बघायची मला फार हौस होती. मग मी समजावून सांगायची, की तो सिनेमातल्या आवाजांचं काम करतो. पडद्यावर जो गुद्दा बसतो तो खरा बसलेलाच नसतो, त्यामुळे त्याला आवाज कुठून येणार? तो आवाज नंतर माझा नवरा एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत, ओला टॉवेल फळीवर आपटून काढतो. जिन्यावरून गडगडणारा माणूस म्हणजे वाळूची पिशवी. सुरा म्हणजे कात्री आणि पत्रा. हाड म्हणजे गाजर, आणि मोठं हाड असेल तर कोबीचा अख्खा गड्डा दोन्ही हातांनी पिरगाळायचा.

मोडून उरलेला कोबी घरी यायचा. टाकून कोण देणार? ज्या आठवड्यात मारामारीचं काम, त्या आठवड्यात आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ कोबी. प्रेमकथेचं काम आलं की मी हुश्श करायची, कारण प्रेमात नुसते कपडे सळसळतात आणि पावलं वाजतात.

आमची मुलगी, ठकू, आता नऊ वर्षांची आहे. चार वर्षांची होती तेव्हा शेजारी खेळायला गेली आणि तिथे टीव्हीवर तिने एका माणसाला लोखंडी कांबीने मारताना पाहिलं. शेजारणीला त्याचं काहीच वाटलं नाही. तिची पोरं चिवडा खावा तसा तो प्रकार बघत होती. ठकू मात्र घरी आली ती थरथरतच. त्यानंतर महिनाभर ती एकटी मोरीत जाईना, झोपेत दचकायची, माझा पदर सोडायची नाही. मी शेजारणीशी भांडून आले, त्याने माझं मन मोकळं झालं, पोरीची भीती काही गेली नाही.

शेवटी नवऱ्याने शक्कल लढवली. एका सुट्टीच्या दिवशी तो तिला आपल्या कामाच्या खोलीत घेऊन गेला. मीही गेले. त्याने तोच कांबीचा प्रसंग शोधून आणला होता. आधी आवाज बंद करून दाखवला. मग तिच्या हातात गाजर दिलं आणि म्हणाला, कांब खाली आली की मोड. तिने मोडलं. पुन्हा दाखवला, पुन्हा मोडलं. चौथ्या-पाचव्या वेळी पोरगी खदखदून हसली, आणि उरलेलं गाजर खाऊन टाकलं. भीती गेली ती गेलीच. नवरा त्या दिवशी असा काही खूश होता की त्याने आम्हा दोघींना बाहेर जेवायला नेलं.

मग काय, आम्ही तिला डोक्यावर बसवलं. घरी कुणी आलं की फोनवर एखादी हाणामारी लावायची, तिला डोळे मिटायला सांगायचं आणि विचारायचं, ठकू, हे काय गं? ती सांगायची, हा ओला टॉवेल. हा चामड्याचा पट्टा. हे कलिंगड, पण फार पिकलेलं. लोक तोंडात बोट घालायचे. ती नवऱ्याच्या शेजारी बसून काहीही बघायची आणि आम्हाला वाटायचं, शेजाऱ्यांची पोरं बघून बघून बथ्थड होतात, आमची बघून शहाणी होते आहे. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

एकटी माझी नणंद नाक मुरडायची. ती नवऱ्याहून मोठी, बालवाडी चालवते. तिच्या घरी टीव्ही नाही, आणि तिच्या गोष्टीतला लांडगा शेवटी सगळ्यांची माफी मागून गवत खायला लागतो. तिचा मुलगा टिल्लू, पाच वर्षांचा, मुंगी पायाखाली आली तरी रडायचा. मी चेष्टा करायची, की ताई, याला कापसात गुंडाळून शाळेत पाठवणार का? ती हसायची नाही. एकदा आमच्याकडे जेवताना ठकू समोर फोन टेकवून काहीतरी बघत होती. पडद्यावर एक माणूस गुडघ्यावर बसून जिवाच्या आकांताने रडत होता आणि आमची पोरगी शांतपणे ताट पुसत होती. नणंद माझ्याकडे वळून म्हणाली, अगं, हिला काही होत नाही का? मी म्हटलं, ताई, तो पैसे घेऊन रडतोय. नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. नणंदेने ताट सरकवलं आणि उठून हात धुतले.

तरीही तिने टिल्लूला आमच्याकडे सोडणं बंद केलं नाही, कारण टिल्लूचा ठकूवर जीव होता. ती म्हणेल ती पूर्व दिशा. ठकूही त्याला छान सांभाळायची, त्याच्या बुटांचे बंद बांधायची, स्वतःच्यातली बिस्किटं द्यायची. हे मी सांगते आहे कारण नंतर लोक जे बोलले ते ऐकून कुणालाही वाटेल की आमच्या घरी राक्षस वाढत होता.

त्या शनिवारी नणंदेला बालवाडीच्या कसल्याशा बैठकीला जायचं होतं. टिल्लू आमच्याकडे आला. नवरा कामावर होता. मी घरी पडद्यांची शिलाई करते, आणि एका दवाखान्याचे पडदे मला संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. जाड कापड, मशीन नुसतं धडधडत होतं. पोरांना मी सांगितलं की जिन्यात खेळा, रस्त्यावर जाऊ नका. आमचा जिना रुंद आहे, मजल्यांच्या मध्ये मोठी सपाट जागा आहे, सगळ्या बिऱ्हाडांची पोरं तिथेच खेळतात.

बऱ्याच वेळाने ठकू आत आली. पाणी प्यायली, पलंगावर बसून फोन बघायला लागली. मी मशीनवरून मान वर न करता विचारलं, टिल्लू कुठाय? ती म्हणाली, जिन्यात झोपलाय. मी म्हटलं, फरशी गार असते, उठव त्याला. आणि मी कडेची शिलाई पुढे नेली. पडदा लांब होता. शिलाई संपवून मी दोरा तोडला, तेव्हाही ती तिथेच बसलेली. मी ओरडले, तुला सांगितलं ना? ती म्हणाली, "उठवलं. उठत नाहीये. नाटकी आहे तो."

मला अजून त्या वाक्याचा राग येतो, आणि ते ऐकूनही मी आधी कापडावरची कात्री उचलून ठेवली याचाही. मग मात्र मी जिन्याकडे धावले. टिल्लू मधल्या सपाट जागेवर एका कुशीवर पडला होता. डोळे अर्धे उघडे, ओठ पांढरे. एक हात अंगाखाली असा वळला होता की हात तसा वळत नाही. त्याच्या डोक्याखाली ठकूने आपला स्वेटर घडी करून ठेवला होता. मी हाक मारली तर त्याने बुबुळं माझ्याकडे वळवली आणि 'मामी' म्हणाला, पण इतकं बारीक की मला ते ओठांवरूनच कळलं.

खालच्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याने आम्हाला दवाखान्यात नेलं. कोपराच्या वर हाड मोडलं होतं, दोन तुकडे एकमेकांवर चढले होते, रात्रीच शस्त्रक्रिया करून तारा घालाव्या लागल्या. डोक्यालाही मार होता. डॉक्टर म्हणाले, मेंदूला काही झालेलं दिसत नाही, पण लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, हाताची नस दाबली गेली आहे. बोटं पुन्हा नीट हलतील का, हे त्यांना तेव्हा सांगता येईना.

नवरा कामावरून थेट तिथे आला. बाकावर ठकू पाय हलवत बसली होती. त्याने तिच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, काय झालं. तिने काहीही लपवलं नाही. आम्ही फायटिंग खेळत होतो, तो वाईट माणूस होता, मी त्याला ढकललं. हळूच ढकललं. सीनमध्ये ढकलतातच ना. तो गडगडत खाली गेला, छान गेला. मग उठेना. मी म्हटलं, पुन्हा करू, तरी उठेना.

"मग आईला हाक का नाही मारलीस?" नवऱ्याने विचारलं.

"पण आवाज कुठे आला?" ठकू म्हणाली. "हाड मोडलं की आवाज येतो. मी नीट ऐकलं. नुसतं धप्प झालं. पोतं पडल्यासारखं. मला वाटलं, याला काही झालेलं नाही."

ती खोटं बोलत नव्हती. ती तिच्या बाबाकडे, एक कारागीर दुसऱ्याकडे बघतो तसं बघत होती. नवरा उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला त्याची दया आली आणि त्याच क्षणी त्याच्या पाठीत एक घालावी असंही वाटलं. गाजर तिच्या हातात त्यानेच दिलं होतं. मीही तिथेच उभी होते, टाळ्या वाजवत, हेही मला आठवत होतं, पण रागाला सोयीचं तेवढंच दिसतं.

नणंद धावत आली, आत गेली, बाहेर आली. मी काय घडलं ते सांगितलं. सांगणारच होते, झाकून काय उपयोग? ती आरडाओरडा करेल अशी माझी तयारी होती. उलट उत्तरंही मनात जुळवून ठेवली होती, की तू इतकं कापसात ठेवलंस म्हणून त्याला पडताही आलं नाही. तिने ठकूकडे बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "हिला रडू आलं का गं? एकदा तरी?"

ठकू रडली नव्हती. टॅक्सीत नाही, दवाखान्यात नाही.

घरी आल्यावर मी तिच्यावर डोळा ठेवून होते. आपल्याच पोरीवर पाळत ठेवण्यासारखं वाईट काम नाही. ती जेवली, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. शाळेत गेली, आली. मी वाट बघत होते की ती आपणहून टिल्लूचं विचारेल. तिने विचारलं ते असं, की टिल्लूच्या हातात घातलेल्या तारा बाहेरून दिसतात का. मी बेसिनपाशी जाऊन उगाचच भांडी घासत बसले. आईला लेकराची भीती वाटावी, हे कुठे कुणाला सांगणार?

इमारतीत कुजबुज सुरू झाली. जिच्या घरी ठकूने ती कांब पाहिली होती, तीच शेजारीण आता आपल्या पोरांना आमच्या दारावरून लगबगीने नेऊ लागली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण भांडायला तोंड राहिलं नव्हतं. घरात मी फोन कपाटात ठेवून कुलूप लावलं. ठकू दोन दिवस रुसली आणि मग तिला त्याचंही काही वाटेनासं झालं.

नवरा म्हणाला, तिला समजावून सांगू या. मी उसळले. म्हटलं, इतकी वर्षं आपण दुसरं केलं काय? समजावूनच तर इथवर आणली. पोर घाबरली होती तेव्हा बरी होती. तो कामावर जायचा आणि लवकर परत यायचा. नंतर त्याच्या कामाच्या खोलीतल्या मदतनीस बाईंकडून मला कळलं की तो पडद्यासमोर नुसता बसून राहायचा, आणि मारामारीचं सगळं काम त्यांनाच करावं लागत होतं.

पण त्याने तिच्याशी बोलायचं सोडलं नाही. एका संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या करत होते आणि तो तिच्या केसांतला गुंता काढत होता. तो म्हणाला, की खरं हाड मोडतं तेव्हा त्याचा फारसा आवाज बाहेर येत नाही. वर मांस असतं, कातडी असते, आवाज आतच राहतो. कधी कधी ज्याचं मोडतं त्यालाच ऐकू येतो.

ठकूला हे नवीन होतं. ती वळून बसली. "मग तू एवढा मोठा का करतोस?"

"बघणाऱ्याला कळावं म्हणून."

तिच्या कपाळावर आठी पडली होती. मग म्हणाली, "म्हणजे खरं असलं की कळतच नाही?"

नवऱ्याचा फणी धरलेला हात थांबला. कळतं, तो म्हणाला, बघितलं की कळतं. कसं बघायचं, तिने विचारलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी घडी केलेला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा त्याची घडी केली. पोरीला भाजी कशी चिरायची, रस्ता कसा ओलांडायचा, मोठ्यांशी कसं बोलायचं, हे सगळं मी शिकवलं होतं. हे कसं शिकवतात ते मला येत नव्हतं.

मी नणंदेला फोन करून विनवलं, की एकदा आम्हाला ठकूला घेऊन दवाखान्यात येऊ दे. ती नाही म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या जागी मी असते तर मीही ठेवला असता, आणि वर चार शब्द सुनावले असते. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. आवाज कोरडा होता. म्हणाली, तो सारखा ठकूताई कधी येणार विचारतोय, घेऊन या. "पण माझ्यासमोर तिला काही शिकवत बसू नका. आलात तर नुसते या."

आम्ही गेलो. ठकूने टिल्लूसाठी बिस्किटांचा पुडा घेतला होता, तो घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मनाने लगेच त्या पुड्याला घट्ट धरलं. वॉर्डात पोहोचलो तर टिल्लूच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. सिस्टर आत पट्टी बदलत होत्या आणि आखडलेली बोटं सरळ करत होत्या. नणंद आतच होती. आम्ही तिघं बाहेर थांबलो.

आतून टिल्लूचा आवाज आला. तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. बारीक, ओढत ओढत येणारं कण्हणं होतं ते, मध्येच श्वास अडकायचा आणि पुन्हा सुरू व्हायचं. सिस्टर म्हणत होत्या, झालं हं राजा, एकच बोट राहिलं. ते एक बोट काही संपत नव्हतं.

ठकूने मान तिरकी केली. कामाच्या खोलीत करायची तशीच. मला तिला तिथून ओढून न्यावंसं वाटलं. ती ऐकत राहिली, मग हळू आवाजात तिने विचारलं, "हा आवाज कोण काढतंय?"

मी म्हटलं, "टिल्लू."

"टिल्लूचा आवाज असा नाहीये."

"दुखतंय त्याला," मी म्हटलं. "दुखलं की असा होतो."

ती पुन्हा ऐकायला लागली. आठी तशीच होती, पण आता ती ओळखायचा प्रयत्न करत नव्हती. बिस्किटांचा पुडा तिच्या हातात चुरगळत होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. आत टिल्लूचा श्वास पुन्हा अडकला. ठकूने बाबाचा शर्ट धरला. "त्यांना थांबायला सांग ना," ती म्हणाली. नवरा म्हणाला की थांबता येत नाही, बोटं हलवली नाहीत तर कायमची तशीच राहतील. "मग हळू करायला सांग." तो म्हणाला, हळूच करतायत.

तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. चार वर्षांची असताना थरथरायचा तसा, तेव्हापासून मी तो तसा पाहिला नव्हता. आणि देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली, कारण तो आत पडद्याआड कण्हणाऱ्या पोराच्या जिवावर मिळत होता.

"हे माझ्यामुळे होतंय?" तिने विचारलं.

नवरा खाली वाकला. त्याचा चेहरा मला पाठ आहे. त्या सुट्टीच्या दिवशी गाजर देताना होता तोच, मायेने भरलेला. तो म्हणाला, नाही गं बाळा, असं नसतं, तो पडला म्हणून—

"हो," मी म्हटलं. "तुझ्यामुळे होतंय."

ठकू रडायला लागली. पुडा खाली पडला. ती माझ्याकडे आली नाही, मी हात पुढे केला तर तिने तो झिडकारला. ती बाबाकडे बघत होती. तो काहीतरी सांगेल, काहीतरी दाखवेल आणि हे सगळं जाईल, असं तिला वाटत होतं हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पडद्याआड टिल्लू कण्हत होता. नवऱ्याने तोंड उघडलं, तेव्हा मी त्याचा हात जोरात दाबला, आणि तो काही बोलला नाही.